सोमवार, संध्याकाळी पाच

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत एक प्रार्थना ठरलेली असते. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि सर्व अधिकाऱ्यांना परमेश्वराने सुबुद्धी द्यावी. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातच तसं सांगितलंय, राजांसाठी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हणून. पाळकसाहेब ती प्रार्थना करतात, मंडळी ‘आमेन’ म्हणते, कुणाच्याही कपाळावर आठी पडत नाही. आठी पडते ती पाळकांनी त्याच प्रार्थनेत एखाद्या कायद्याचं, तुरुंगातल्या पोरांचं किंवा गावच्या पाण्याचं नाव घेतलं की. मग उपासना संपते न संपते तोच पायरीवर ऐकू येतं, “पाळकांनी राजकारणात कशाला पडायचं?”

वसईकरांना हा प्रश्न नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले तेव्हा धर्मगुरूंनी आपलं चर्च सांभाळावं असं सांगणारे कमी नव्हते. पुढे २०२० साली तेच फादर उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण त्यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलंय. मी आज तुम्हाला नेणार आहे जर्मनीत, लाइपझिग नावाच्या शहरात. तिथल्या संत निकोलसच्या चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थना आणि राजकारण यांच्यामधली रेघ कुठे ओढली आणि कुठे ओढलीच नाही, ते मला सांगायचंय.

पूर्व जर्मनी म्हणजे एका पक्षाचं राज्य. पाच माणसं चौकात जमली तर परवानगी कुठाय हा प्रश्न यायचा. चर्चच्या छपराखाली मात्र उपासनेला परवानगी लागत नसे. ही सवलत किती नाजूक होती ते लाइपझिगकरांना पक्कं ठाऊक होतं. विद्यापीठाचं जुनं, मध्ययुगीन चर्च सरकारनं १९६८ च्या मे महिन्यात सुरुंग लावून पाडलं होतं. संत निकोलसपासून ते चालत काही मिनिटांवर.

तर या चर्चमध्ये १९८२ च्या सप्टेंबरपासून दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना सुरू झाली. अमेरिका आणि रशिया दोघांची अण्वस्त्रं दोन्ही जर्मनींच्या भूमीवर, म्हणून तरुण मंडळी अस्वस्थ होती. मीखा संदेष्ट्याचं वचन त्यांनी बिल्ल्यावर छापलं, ‘ते आपल्या तरवारी मोडून त्यांचे फाळ करतील’. छापलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. कागदावर काही छापायचं तर सरकारी परवाना हवा. सॅक्सनीतल्या युवकांचे पाळक हाराल्ड ब्रेटश्नायडर यांनी ते कापडासारख्या पातळ फेल्टवर छापून घेतलं. कापडावरची छपाई कायद्याच्या लेखी छपाई नव्हतीच, ती कापडावरची प्रक्रिया होती. आणि बिल्ल्यावरचं चित्र कुठलं? सोव्हिएत शिल्पकाराचा पुतळा, सोव्हिएत सरकारनंच १९५९ साली संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेला. त्यावर बंदी घालायची म्हणजे मॉस्कोच्या पुतळ्यावर बंदी घालायची. घातली तरीही. पोलीस शाळकरी मुलांच्या जाकिटांवरचे बिल्ले कापून काढायला लावत. तेव्हा काही पोरांनी त्या जागी पडलेलं गोल भोक तसंच मिरवलं.

संत निकोलसचे पाळक होते ख्रिस्टिअन फ्यूरर. १९८० साली ते तिथे आले. आखूड केस, अंगात बिनबाह्यांचं डेनिमचं जाकीट. त्यांनी चर्चबाहेर पाटी लावली, ‘सर्वांसाठी खुले’. असल्या पाट्या आपण पुष्कळ पाहतो आणि त्यांचा अर्थ बहुधा ‘आमच्यासारख्या सर्वांसाठी’ असा असतो. फ्यूरर यांच्याकडे मात्र खरोखरच कुणीही येऊन बसू लागलं. पर्यावरणवाले आले, सक्तीची लष्करी सेवा नाकारणारे आले. देश सोडून जायचा अर्ज केल्यामुळे नोकरी गमावलेले आले, ज्यांना येशूशी काही देणंघेणं नव्हतं तेही आले. अर्थातच गुप्त पोलीसही येऊन बसत, आणि इतक्या नियमानं की दर सोमवारी सर्वांत निष्ठेनं शुभवर्तमान ऐकणाऱ्यांत त्यांची गणना करावी लागेल.

प्रार्थनेची आखणी दर आठवड्याला वेगळा गट करायचा. थोडं वाचन, गाणं, मग माहिती. कोणाला कुठे अटक झाली, कोणाचं काय चाललंय. आणि मग त्या नावांसाठी प्रार्थना. वर्तमानपत्रात जे छापून येत नव्हतं ते इथे देवाला सांगण्याच्या निमित्तानं एकमेकांना कळत होतं. पाळकांनी राजकारण केलं का? भाषण तर केलं नाही. पण कोण कैदेत आहे याचा मोठ्यानं केलेला उच्चार त्या राज्यात राजकारणच होता.

इथवर गोष्ट छान आहे. आता जरा अडचणीचं सांगतो, कारण चर्चचा इतिहास सांगताना आपण ते हळूच वगळतो. १९८८ च्या ऑगस्टमध्ये खुद्द चर्चच्या वरिष्ठांनी, सुपरिंटेंडेंट मागिरियुस यांनी, सोमवारच्या प्रार्थनेची सूत्रं गटांच्या हातून काढून घेतली. या गटांचा समन्वय पाहणारे ल्यूकास चर्चचे पाळक क्रिस्टोफ वोनेबेर्गर यांनाही बाजूला केलं. सरकारचा दबाव होता, आणि हे सगळं उपासनेच्या चौकटीबाहेर चाललंय अशी चर्चमधल्या काहींची प्रामाणिक भावनाही होती. मला दोन्ही बाजू समजतात. वेदीसमोर घोषणा द्यायला लागलो तर प्रार्थना कुठे उरते, हा प्रश्न खोटा नाही. पण झालं काय? ज्यांना आत बोलू दिलं नाही ते प्रार्थना संपल्यावर बाहेर, चर्चच्या अंगणात उभे राहून बोलू लागले. पुढच्या वर्षी मोर्चे निघाले ते याच अंगणातून. वोनेबेर्गर आणि गट १९८९ च्या वसंतात परत आत आले, तोवर बाहेर उभं राहायची सवय लोकांना लागून गेली होती.

त्याच १९८९ मध्ये ७ मे रोजी स्थानिक निवडणूक झाली. तिथं मतदान म्हणजे उमेदवारांच्या तयार यादीची घडी घालून पेटीत टाकणं. विरोध करायचा तर एकेक नाव खोडायचं, आणि त्यासाठी पडद्याआड गेलात की कुणीतरी टिपून ठेवणार. पण मतमोजणी लोकांसमोर होईल असं कायद्यात लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतं, कुणी कधी वापरलं नव्हतं. चर्चच्या आधारानं वाढलेल्या गटांतली माणसं अनेक शहरांत वही-पेन घेऊन मतदान केंद्रांवर जाऊन उभी राहिली आणि विरोधी मतं मोजत राहिली. रात्री सरकारनं जाहीर केलं, ९८.८५ टक्के लोकांचा पाठिंबा. वहीतली बेरीज जुळत नव्हती. राज्य खोटं बोलतं हे सगळ्यांना माहीत होतंच, आता ते केंद्रवार कागदावर होतं. मला हा प्रसंग मोर्चांपेक्षाही मोठा वाटतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली मतमोजणी मेणबत्तीपेक्षा नीरस असते, म्हणून तिचे फोटो निघत नाहीत एवढंच.

जूनमध्ये बीजिंगच्या चौकात रणगाडे फिरले आणि पूर्व जर्मनीच्या संसदेनं चिनी सरकारची पाठराखण केली. त्यामुळे ऑक्टोबर उजाडला तेव्हा लाइपझिगमध्ये एकच कुजबुज होती, इथेही चीनसारखं होणार. ६ ऑक्टोबरच्या स्थानिक वर्तमानपत्रात पक्षाच्या सशस्त्र दलाच्या एका कमांडरचं पत्र छापून आलं, गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन प्रतिक्रांती थोपवू. ९ ऑक्टोबरला सोमवार होता. शहरात सुमारे ८,००० पोलीस आणि सैनिक, रुग्णालयांत जादा रक्ताच्या बाटल्या. शाळांमधून मुलांना लवकर घरी न्यायला सांगितलेलं.

पक्षानं एक शक्कल लढवली. आपल्या माणसांना दुपारीच चर्चमध्ये बसवायचं, म्हणजे बाकीच्यांना जागाच उरणार नाही. दोन वाजेपर्यंत सुमारे ६०० जण मुख्य दालनात येऊन बसले. फ्यूरर यांनी त्यांचं स्वागत केलं. वरच्या गॅलऱ्या मात्र मुद्दाम बंद ठेवल्या, कामावरून सुटून येणारा कष्टकरी वर्ग आधी कसा येणार, त्याच्यासाठी. मार्क्सवाद्यांना याला काय उत्तर देता येणार? पाच वाजता त्या ६०० जणांनी डोंगरावरच्या प्रवचनातलं ‘जे शांती करणारे ते धन्य’ ऐकलं. शेवटी एक निवेदन वाचलं गेलं. प्रसिद्ध संगीत-संचालक कुर्ट माझूर, विडंबन-नाट्याचे कलाकार बेर्न्ट-लुट्झ लांगे, एक धर्मशास्त्रज्ञ आणि पक्षाचेच तीन जिल्हा सचिव अशा सहा जणांचं ते होतं, शांतता राखा, संवाद होईल. त्या धर्मशास्त्रज्ञाचे गुप्त पोलिसांशी संबंध होते हे पुढे उघड झालं. निवेदनानं काम करायचं ते केलंच. माझूर यांच्या आवाजात ते रस्त्यांवरच्या सरकारी कर्ण्यांवरूनही ऐकवलं गेलं. आवाज काय करू शकतो याचं एवढं उदाहरण रेडिओवाल्यानं सांगितल्याशिवाय कसं राहावं?

दारं उघडली तर बाहेर माणसंच माणसं. त्या दिवशी शहरातल्या इतर तीन चर्चमध्येही प्रार्थना झाली होती. सगळे मिळून सुमारे ७०,००० लोक मेणबत्त्या घेऊन शहराच्या रिंगरोडवरून चालले. फ्यूरर पुढे नेहमी सांगत की पेटती मेणबत्ती बाहेर न्यायची तर एक हात ती धरायला लागतो आणि दुसरा ज्योत सांभाळायला, मग दगड उचलायला हात उरत नाही. स्थानिक पक्षनेत्यांनी बर्लिनच्या आदेशाची वाट पाहिली, तो वेळेत आला नाही, आणि पोलिसांना मागं घेण्यात आलं. बरोबर एका महिन्यानं बर्लिनची भिंत उघडली.

नंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. सरकार आणि विरोधक यांची गोलमेज परिषद डिसेंबरात बर्लिनमध्ये बसली, तेव्हा अध्यक्षस्थानी तीन चर्चचे तीन धर्मगुरू होते, प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि मेथडिस्ट. याचं कारण आध्यात्मिक कमी, व्यावहारिक जास्त. चाळीस वर्षांत खऱ्या सभा फक्त चर्चच्या धर्मसभांमध्येच व्हायच्या. ठराव मांडायचा, सूचना द्यायची, हात वर करून मत मोजायचं, इतिवृत्त लिहायचं, हे देशात कुणाला येत असेल तर पाळकांना आणि त्यांच्या मंडळींना. मार्कुस मेकेल हे पाळक परराष्ट्रमंत्री झाले. रायनर एपेलमान हे पाळक लष्करी शपथ नाकारली म्हणून आठ महिने तुरुंगात गेले होते, ते झाले संरक्षणमंत्री. खात्याच्या नावात त्यांनी निःशस्त्रीकरण पुढे आणि संरक्षण मागे ठेवलं. रोस्टॉकचे पाळक योआखिम गाउक २०१२ साली एकसंध जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले. मला याचं कौतुक आहे, पण बेताचं. खुर्चीवर बसलेल्या पाळकाला मग इतर राजकारण्यांच्याच मापानं मोजावं लागतं, आणि ते योग्यच आहे. मोर्चे काढणाऱ्या गटांच्या आघाडीला १९९० च्या मार्चमधल्या पहिल्या मुक्त निवडणुकीत मिळाली २.९ टक्के मतं. लोकांनी आभार मानले आणि मत दुसऱ्याला दिलं.

फ्यूरर पाळकच राहिले. एकीकरणानंतर पूर्वेकडचे कारखाने धडाधड बंद पडले, तेव्हा सोमवारी बेकार माणसं येऊ लागली आणि प्रार्थनेत त्यांचं दुखणं आलं. २००४ साली बेरोजगारांचे भत्ते कापणाऱ्या कायद्याविरुद्ध पुन्हा सोमवारचे मोर्चे निघाले आणि फ्यूरर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा १९८९ च्या चळवळीतले काही जण नाराज झाले. ती हुकूमशाही होती, हे निवडून आलेलं सरकार आहे, दोन्हीला एकच नाव कसं? मोर्च्याच्या नावापुरतं मला त्यांचं म्हणणं पटतं. पण प्रार्थनेपुरतं नाही. आधीच्या राजवटीत ज्याची नोकरी गेली त्याचं नाव घ्यायचं आणि नव्या राजवटीत गेली तर गप्प बसायचं, हा हिशोब कुठल्या पाळकाला मंडळीसमोर मांडता येईल, ते मला तरी कळलेलं नाही.

नमस्कार.