टर्बो उतरवण्याआधी

नमस्कार मंडळी. आजचं बोलणं जुन्या डिझेल ट्रकचे मालक, ड्रायव्हर आणि स्वतः पाना हातात घेणारे फिटर यांच्यासाठी आहे.

गाडी गॅरेजला लागते तेव्हा निदान बहुतेक वेळा घरूनच झालेलं असतं. "टर्बो ऑइल मारतोय, बदलून टाका." टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पार्ट, बदलला जातो, बिल भरलं जातं आणि थोड्याच दिवसांत नवा टर्बोही तसाच ओला दिसायला लागतो. मग शिव्या बसतात त्या पार्टवाल्याला. पण टर्बोच्या तोंडातून ऑइल बाहेर आलं, म्हणून चूक टर्बोचीच असेल, असं नसतं. कशामुळे आलं ते सापडल्याशिवाय टर्बो उतरवू नका, हेच मला आज सांगायचं आहे.

उदाहरणाला कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं जुनं इंजिन घेऊ. टाटाच्या कितीतरी ट्रकांवर ते आलं. त्यासाठी १९९३ साली टाटा आणि कमिन्सनी भागीदारीत कंपनी काढली, कारखाना जमशेदपूरला. तशी पुण्याच्या कोथरूडमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून कमिन्सची इंजिनं बनत होती, त्यामुळे आपल्याकडच्या मिस्त्रींना हे नाव काही परकं नाही.

आता टर्बोच्या आत काय चालतं ते बघा. एका शाफ्टच्या एका टोकाला एक्झॉस्टच्या गॅसवर फिरणारं टर्बाइन, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा कॉम्प्रेसरचा पंखा. लोडवर हा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. तो बुशात घासत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. आणि ऑइल अडवायला तिथे क्रँकला असतं तसं ओठाचं सील नसतंच. दोन्ही टोकांना पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक रिंगा असतात, बस. बाहेरच्या हवेचा आणि गॅसचा दाब ऑइलला आत ठेवतो, आणि आतलं फेसाळलेलं ऑइल खालच्या जाड पाइपातून आपल्याच वजनानं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. पंप फक्त आत ढकलायला आहे, बाहेर काढायला कोणी नाही.

एवढं कळलं की अर्धं निदान झालं. खालचा परतीचा पाइप मुडपला असेल, आतून कार्बननं अरुंद झाला असेल, किंवा कुणी पॅकिंगला भरमसाठ सिलिकॉन लावलं आणि त्याचा तुकडा आत निघाला असेल, तर ऑइल तुंबतं आणि रिंगांमधून वाट काढतं. टर्बोच्या ऑइलच्या जोडांना सिलिकॉन लावूच नये. तिथे कोरडं, नवं पॅकिंग बसवायचं.

दुसरं कारण ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला गॅस बाहेर सोडणारी वाट. पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन गॅस मारायला लागलं, की चेंबरमध्ये दाब चढतो. ऑइल खाली उतरू पाहतं आणि खालून गॅस त्याला वर रेटतो. इंजिन स्लोवर असताना ऑइल भरायचं झाकण उघडून नुसतं उलटं ठेवा. ते नाचून खाली पडत असेल तर आधी ब्रीदरचा पाइप मोकळा आहे का ते बघा. मोकळा असेल तर खर्च टर्बोचा नाही, इंजिनचा आहे. ऐकायला कडू आहे, पण अशा इंजिनवर नवा टर्बो बसवणं म्हणजे पैसे सायलेन्सरमधून उडवणं.

तिसरं कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित, जाम झालेला एअर फिल्टर. हवा मिळाली नाही की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ तयार होते आणि त्या ओढीबरोबर ऑइलही येतं. तासन्‌तास इंजिन स्लोवर ठेवून एसीसाठी किंवा गप्पांसाठी उभं राहिलं तरी थोडं ऑइल येतं, कारण तेव्हा बाहेरून दाब देणारं काही नसतं.

आता इंजिनच्या बाहेरची गळती. ओल आलेल्या भिंतीसारखंच हे, डाग दिसतो तिथे मूळ नसतं. धावत्या गाडीत वारा ऑइल मागे नेतो, म्हणून पुढचं कुठलंही पॅकिंग गळलं तरी ओला दिसतो तो मागचा, गिअरबॉक्सला जोडणारा बेलहाउसिंग, आणि गिअरबॉक्स उतरवायची तयारी सुरू होते. थांबा. इंजिन धुऊन कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर उडवा, थोडं चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात उंचावरचा ओला डाग, तोच चोर. या इंजिनला वर सहा सिलिंडरची सहा वेगळी कव्हरं आहेत आणि डिझेल पंपाच्या मागे पुशरॉडचं लांब साइड कव्हर आहे. ते कव्हर पाझरलं की सगळा आळ क्रँकच्या मागच्या सीलवर येतो.

आणि खरंच मागचं सील गेलं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. या इंजिनचं ते सील कोरडं बसवायचं असतं. क्रँकची जागाही पुसून कोरडी. हाताच्या सवयीनं ऑइल किंवा ग्रीस लावलं की नवं सीलही गळतं.

हे सगळं ठीक निघालं, तरच टर्बो. उतरवल्यावर आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं तोंड बघा. ते ओलं असेल तर ऑइल सिलिंडरमधून येतंय. मॅनिफोल्ड कोरडा आणि टर्बाइननंतरचा पाइप ओला असेल, तर टर्बोवर बोट ठेवा. शाफ्ट आडवा हलवला तर थोडा हलणारच, ती ऑइलच्या थराची जागा आहे. त्याला घाबरून कोअर, म्हणजे टर्बोचा शाफ्टसकटचा मधला भाग, फेकू नका. मात्र पुढे-मागे ओढला तर हाताला जेमतेम जाणवावा. नेमकं माप डायल गेजनं घ्या आणि त्या मॉडेलच्या पुस्तकाशी ताडून बघा. पंखा बाहेरच्या घरावर, म्हणजे हाउसिंगवर, घासल्याच्या खुणा असतील तर मापाचीही गरज नाही.

खोलताना दोन्ही घरं आणि मधला भाग यांवर पंचनं खुणा करा, पंखा आणि शाफ्ट यांवरही. पंख्याचा नट बऱ्याच टर्बोंना उलट्या आट्यांचा असतो, जोर करण्याआधी बघून घ्या. पंख्याला तारेचा ब्रश लावू नका, वाकलेलं पातं पक्कडीनं सरळ करू नका, तो पंखा बदलायचाच. किटमध्ये बुश, थ्रस्ट बेअरिंग, रिंगा, सर्क्लिप येतात, पण शाफ्टवर नख अडकेल एवढी रेघ असेल तर किट टाकून उपयोग नाही. आणि जोडलेला कोअर मशीनवर बॅलन्स झाल्याशिवाय घेऊ नका. "आम्ही हातानं बघतो" म्हणणारा भेटला तर पुढचं दुकान शोधा.

जुने बुश मागून घ्या. त्यांवर बारीक रेघा असतील तर ऑइल घाण होतं, निळे-काळे पडले असतील तर ऑइल पोचलंच नाही. पंख्याची पाती वाळूनं घासल्यासारखी झिजली असतील तर फिल्टरनंतरचा होज कुठेतरी फुटलाय.

बसवण्याआधी टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर आणि त्याचे पाइप धुऊन घ्या. तिथे साचलेलं ऑइल इंजिननं ओढलं तर डिझेल बंद करूनही इंजिन रेस घेत सुटतं. ऑइलच्या तोंडातून टर्बोत स्वच्छ ऑइल ओता, डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारत ऑइलचा दाब चढू द्या, मग चालू करा आणि काही मिनिटं रेस देऊ नका. घाट चढून आल्यावर बंद करतानाही तीनेक मिनिटं स्लोवर राहू द्या, नाहीतर तापलेल्या शाफ्टवर ऑइल जळून कार्बन होतो.

पहिल्या फेरीत निळा धूर दिसेल. सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल साचलेलं असतं, ते जळतंय. लोड घेऊन एक घाट चढा. त्यानंतरही धूर थांबला नाही तर टर्बो परत उतरवू नका, ब्रीदरपाशी जा.