जाड बोटं आणि बेचाळीस मिलिमीटर

नमस्कार, श्रोतेहो. बोलण्याआधी एक आवाज ऐकवतो. इलेक्ट्रिक गिटारवर ए मेजर नावाची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, धरलीय आणि एकेक तार सावकाश छेडतोय.

(गिटार : पाच तारा, एकेक करून)

शेवटी ‘ठक्’ झालं, ऐकलंत? पाच तारा छेडल्या, बोलल्या चार. सगळ्यांत बारीक तार माझ्याच अनामिकेखाली गुदमरली. अनामिका होती शेजारच्या तारेवर, पण तिचा गुबगुबीतपणा सीमा ओलांडून पलीकडे गेला.

आमच्या घरात माझ्या बोटांना राजेळी केळी म्हणतात. गिटार शिकायला लागलो तेव्हा शिकवणारे म्हणाले, बोट उभं ठेव, सराव कर, आपोआप जमेल. दोन वर्षं केला. बोट उभं राहिलं. त्याची रुंदी मात्र सरावाने कमी झाली नाही.

मग एके दिवशी व्हर्निअर कॅलिपर आणला. तोच, बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी हाताळलेला. गिटारच्या डोक्याशी, जिथून तारा नेकवर, म्हणजे लांब दांड्यावर, उतरतात, तिथे हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक खाचा पाडलेली पट्टी असते. तिला नट म्हणतात. तिची रुंदी मोजली. ४२ मिलिमीटर. दोन्ही कडांना साधारण तीन-तीन मिलिमीटर मोकळे सोडावे लागतात, नाहीतर तार घसरून नेकबाहेर जाते. उरले ३६. सहा तारा म्हणजे पाच फटी. एका तारेपासून पुढची तार साधारण सात मिलिमीटरवर. म्हणजे मधल्या तारेवर ठेवलेल्या बोटाला डावी-उजवीकडे मिळून जेमतेम चौदा मिलिमीटर जागा. माझं बोट दाबलं की पंधराच्या पुढे पसरतं. दोन वर्षं मी सराव करत नव्हतो, श्रोतेहो, मी भूमितीशी भांडत होतो.

हे ४२ कुठून आले? इलेक्ट्रिक गिटारची दोन गाजलेली मॉडेलं घ्या. फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा आजचा नट साधारण ४२चा, गिब्सन लेस पॉलचा ४३च्या आसपास. बाजारातल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटार या दोघींच्या लेकी-नाती, त्यामुळे दुकानाच्या भिंतीवर पन्नास गिटार टांगलेल्या असल्या तरी माप जवळपास एकच. फेंडर कंपनी काढणारा लिओ फेंडर हा माणूस स्वतः गिटार वाजवत नसे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. (आकाशवाणीवर बोलतोय म्हणून नाही, खरंच होतं.)

पण त्याच्या कंपनीबद्दल एक गोष्ट कळली आणि मी चाट पडलो. १९६०च्या दशकात फेंडरच्या नेकच्या बुडाशी, जो भाग गिटारच्या अंगात बसतो आणि कुणाला दिसत नाही, तिथे एक इंग्रजी अक्षर छापलेलं असे. ए, बी, सी किंवा डी. ए म्हणजे नट ३८ मिलिमीटरचा, बी ४१चा, सी साडेचव्वेचाळीसचा आणि डी जवळजवळ ४८चा. चपलेचे नंबर असतात तसे नेकचे नंबर! आज जुन्या गिटार उघडल्या की बहुतेकींवर बी सापडतं. डी अगदी दुर्मीळ. खपलं ते उरलं. माझ्यासारख्या केळीवाल्यांसाठी बनवलेलं माप असं यादीतून गळालं आणि पुढच्या पिढ्यांना वाटलं, गिटार एवढीच असते.

आता कुणी म्हणेल, मोठ्या हातांचे वादक काय कमी झाले? रॉक गिटारचा बादशहा जिमी हेंड्रिक्स बघा. बघा, जरूर बघा. त्याचा पंजा प्रचंड होता, आणि नेमक्या त्याच पंजाने तो अंगठा नेकवरून फिरवून सर्वांत जाड तार दाबायचा. त्याला अरुंद नेक अडचणीची नव्हती, सोयीची होती. म्हणून ‘मोठा हात’ हा एकच शब्द फसवा आहे. लांब बोटं हे एक प्रकरण आणि जाड टोकं हे दुसरं. लांब बोटांच्या माणसाला बहुधा नेकची जाडी छळते. हल्लीच्या चपट्या नेकवर त्याचा पंजा पोकळ राहतो, कारण पकडायला काही मिळत नाही आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. त्याने पाठीला गरगरीत, भरलेली नेक शोधावी. रुंदी तीच असली तरी चालेल. जाड टोकांच्या माणसाला मात्र फटीच हव्यात. कुलकर्ण्यांच्या सहा फुटी मुलाची बोटं बांबूसारखी सडपातळ असतील आणि पाच फुटी पाटलाची माझ्यासारखी. उंची बघून गिटार देणारा दुकानदार दोघांनाही चुकीची देईल.

जाड बोटवाल्याला पहिला सल्ला मिळतो तो असा : क्लासिकल गिटार घे. तिचा नट ५० ते ५२चा, तारा ऐसपैस. खरं आहे. पण तिच्या तारा नायलॉनच्या. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखाली बसून त्यांची थरथर टिपणारा भाग, चुंबकाचा. त्याला पोलादाची थरथर कळते, नायलॉनची नाही. म्हणजे ज्याला रॉक वाजवायचंय त्याला ‘भजन म्हण’ सांगण्यासारखं झालं.

खरे मार्ग दोन-तीन. फेंडर पद्धतीच्या गिटारची नेक अंगाला चिकटवलेली नसते, चार स्क्रूंवर बसते. ती काढून रुंद नेक बसवता येते. अमेरिकेतली वॉरमथ ही कंपनी ४७.६ मिलिमीटरच्या नटची नेक बनवते, म्हणजे फेंडरचं जुनं डीच. हिशेब करा : तारांमधली फट सातवरून आठच्या वर जाते. एक मिलिमीटर! हसू नका. त्या एका मिलिमीटरवर माझी अनामिका मावते. एक लक्षात असू द्या, हा फायदा नटजवळ जास्त, अंगाकडे सरकाल तसा कमी, कारण ब्रिजवरचं, म्हणजे अंगावर तारा जिथे टेकतात तिथलं, तारांचं अंतर तेच राहतं. पण आपली अडचण असतेही तिथेच, पहिल्या तीन-चार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, ए आणि डीसारख्या कॉर्डमध्ये.

दुसरा मार्ग जुगाडाचा. सात तारांच्या गिटारचा नट साधारण ४८चा असतो. तिच्यावर सहाच तारा चढवायच्या. नट नवा कोरून घ्यावा लागतो, ब्रिजही बदलावा लागतो, आणि पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली सुटे ठिपके असतील तर तारा त्यांच्यावरून सरकतात. त्याऐवजी सलग पट्टीचा पिकअप असला तर चिंता नाही. मी हे केलं. करून देणारा कारागीर आधी ऐकायलाच तयार नव्हता. “साहेब, लोक तार वाढवायला येतात, तुम्ही काढायला आलात.”

आहे त्याच गिटारवर नटच्या खाचा थोड्या बाहेर सरकवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. मिळतं अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि तार ओढताना कडेवरून घसरते. मी करून पाहिलं, पुन्हा करणार नाही.

आता दुसरी गिटार घेतो. तीच कॉर्ड, तीच बोटं.

(गिटार : पाच तारा, एकेक करून)

पाचही बोलल्या. पण फुकट काही नाही. या रुंद नेकवर अंगठा वरून पलीकडे पोचत नाही. हेंड्रिक्सचं काही वाजवायला घेतलं की मी मुकाट्याने उठतो आणि जुनी बेचाळीसवाली खुंटीवरून काढतो.

नमस्कार.