गाडी वळत का नाही? स्पोर्ट क्वाड, टायर आणि आपली माती

(वर्धा जिल्ह्यात क्वाड, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली चार चाकांची रानगाडी, चालवणारे तरुण आणि गावोगावचे मेकॅनिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.)

मित्रहो,

इथे बसलेल्या बहुतेकांची तक्रार एकच आहे. गाडी पळते छान, पण वळत नाही. हँडल पूर्ण वळवलं तरी नाक सरळ जातं आणि गाडी धुऱ्यावर चढते. मग खर्च कशावर होतो? सायलेन्सरवर, एअर फिल्टरवर, स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर). माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, इंजिनाला सध्या हात लावू नका. क्वाडची चाल ठरते टायरवर, टायरमधल्या हवेवर आणि चाकांच्या ठेवणीवर. या तिन्ही गोष्टी आपल्या मातीनुसार आपणच लावून घ्यायच्या असतात, कारण या गाड्या दुसऱ्याच मातीसाठी घडल्या. १९८५ची सुझुकी एलटी २५०आर घ्या, १९८६ची होंडा टीआरएक्स २५०आर घ्या, पुढच्या वर्षीची यामाहा बॅन्शी घ्या. अमेरिकेतले मोटोक्रॉस ट्रॅक, जंगलातल्या वाटा, रेतीच्या टेकड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या गाड्या त्या. कपाशीचं वावर त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

आधी गाडी वळत का नाही ते समजून घेऊ. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. ट्रॅक्टरमध्ये हा फरक डिफरन्शियल सांभाळतं. तुमच्यापैकी ज्यांनी डिफरन्शियल लॉक दाबलेला ठेवून ट्रॅक्टर वळवून पाहिला असेल, त्यांना माहीत आहे की तो सरळच रेटत जातो. स्पोर्ट क्वाडला मागे डिफरन्शियलच नसतं. अख्खा एकच ॲक्सल, त्याच्या दोन्ही टोकांना चाकं, दोन्ही सारख्याच वेगाने फिरणार. म्हणजे ही गाडी जन्मभर लॉक दाबूनच चालते. मागच्या दोनपैकी एक चाक घसरलं किंवा आतलं चाक हलकं झालं, तरच ती वळते. म्हणून वळणाच्या आधी ब्रेक लावून वजन पुढच्या टायरवर आणायचं, अंग आतल्या बाजूला झुकवायचं, आणि मग थ्रॉटल देऊन मागचं टोक थोडं सुटू द्यायचं. मागच्या टायरची पकड हवी, पण पुढच्यावर मात करील इतकी नको. पुढे झिजलेले टायर ठेवून मागे नवेकोरे, उंच नॉबचे (टायरवरच्या रबरी उंचवट्यांचे) टायर बसवणारे लोक मी पाहतो. त्यांची गाडी आधीपेक्षा कमी वळते, आणि ते साहजिकच आहे.

आता हवेकडे येऊ, कारण इथे एक रुपयाही न खर्चता सर्वात जास्त फरक पडतो. मोटारसायकलच्या सवयीने आपण पंक्चरच्या दुकानात जातो आणि 'टाक पंधरा-वीस पाउंड' म्हणतो. स्पोर्ट क्वाडच्या टायरला साधारण चार पाउंड हवा लागते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चार पाउंडांत एक पाउंड इकडेतिकडे झाला तर तो पंचवीस टक्क्यांचा फरक आहे, आणि दुकानातल्या मोठ्या गेजवर चार पाउंड धड वाचतासुद्धा येत नाहीत. शून्य ते दहा पाउंडांचा लो-प्रेशर गेज मागवा. या गाडीसाठी घ्यायची पहिली वस्तू तीच.

हवा जास्त झाली की टायर चेंडूसारखा उडतो, ढेकळावरून टप्पे घेतो आणि नॉब जमिनीत रुतत नाहीत. कमी झाली तर वळणात टायरची बाजू दुमडते, दगडावर रिम चेपतो, आणि फारच कमी असेल तर टायर रिमवरून उतरतो. त्यात आपला उन्हाळा. सकाळी २५ अंशांत तुम्ही चार पाउंड हवा भरली आणि दुपारी टायर ४५ अंशांवर गेला, तर तीच हवा सव्वापाच पाउंडांच्या आसपास भरते. गणित सोपं आहे. तापमानाने वाढतो तो बाहेरच्या हवेचा दाब धरून होणारा एकूण दाब, गेजवरचा नव्हे. चार पाउंड म्हणजे एकूण साडेअठराच्या आसपास, आणि तेवढ्यावर सहा-सात टक्के चढले की सव्वा पाउंड वाढला. उन्हात उभ्या गाडीचा काळा टायर तर ४५च्याही वर जातो. सकाळी गुणी असलेली गाडी दुपारी हातात राहत नाही, त्याचं मोठं कारण हे आहे. म्हणून ज्या वेळी चालवणार, त्या वेळी सावलीत हवा तपासा.

मागच्या दोन्ही टायरांचा घेरही टेपने मोजा. एकाच मापाचे दोन टायर प्रत्यक्षात सारखे निघतीलच असं नाही, आणि अखंड ॲक्सलवर घेरात एक-दोन सेंटिमीटरचा फरक असला तरी गाडी लहान टायरच्या बाजूला ओढते. हवेतला फरक हेच करतो. एका बाजूला ओढणारी गाडी आली की आधी टेप आणि गेज काढा, मगच स्टिअरिंग उघडा.

टायर निवडताना माती कोणती ते पाहा. चिखलदऱ्याकडचा मुरूम आणि गोटा कडक असतो. तिथे जवळजवळ बसवलेले, कमी उंचीचे नॉब चालतात. उंच नॉब तिथे वाकतात आणि गाडी तरंगल्यासारखी वाटते. भंडारा-गोंदियाकडे धान निघाल्यावर बांध्यांची जमीन घट्ट होते, तिथेही हेच लागू. आपल्या काळ्या मातीची गोष्ट निराळी. उन्हाळ्यात तिच्यात भेगा आणि वर ढेकळं असतात, तेव्हा मधल्या उंचीचे, थोडे विरळ नॉब उत्तम. पावसात मात्र ही चिकण माती फुगते, नॉबच्या खाचांत गच्च बसते आणि टायरचा गुळगुळीत गोळा होतो. विरळ नॉबचा टायर वेगात थोडी माती फेकतो, पण भर पावसाळ्यात काळ्या रानात चालेल असा टायर मला माहीत नाही. तेव्हा गाडी काढूच नका. ओल्या पांदणीत पाडलेल्या चाकोऱ्या पुढे वाळून दगड होतात आणि त्या शेतकऱ्याच्या बैलांना आणि बंडीला भोगाव्या लागतात. नदीपात्रातल्या रेतीतही डांगरवाडी (टरबूज-खरबुजांची वाडी) असेल तिकडे फिरकायचं नाही.

पऱ्हाटीची आणि तुरीची धसकटं हा आपला खरा शत्रू. कापणीनंतर उरलेला तिरपा, टोकदार खुंट टू-प्लाय, म्हणजे दोन थरांच्या, टायरच्या बाजूतून सरळ आत जातो. म्हणून आपल्याकडे सिक्स-प्लाय रेटिंगचा टायर घ्या, असं मी आग्रहाने सांगतो. तो जड असतो, थोडा कडक चालतो, पण त्याची बाजू स्वतःच्या ताकदीवर उभी राहते. सोबत प्लग किट आणि छोटा पंप असू द्या. बाजूच्या भिंतीवरच्या भोकाला प्लग मारून घरी यायचं आणि टायर बदलायचा, त्यावर पुन्हा जोरात चालवायचं नाही.

मापांबद्दल थोडक्यात. बऱ्याच गाड्यांना पुढे २१×७-१० आणि मागे २०×१०-९ अशी मापं येतात. म्हणजे बाहेरचा व्यास, मग रुंदी, मग रिम, सगळं इंचांत. मोटोक्रॉसवाले मागे १८ इंची टायर लावतात. गाडी खाली बसते, वळणात स्थिर होते, गिअरिंग दहा टक्क्यांनी आखूड होतं, म्हणजे त्याच गिअरला वेग कमी आणि ओढ जास्त. पण ॲक्सलवरचा स्प्रॉकेट आणि ब्रेक डिस्क हाच मागचा सर्वात खालचा भाग, तो एक इंच आणखी खाली येतो. धुरे आणि गोटा असलेल्या आपल्या भागात मागे वीसच ठेवा.

मग चाकांची ठेवण. आधी पुढचं चाक धरून हलवा. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, बेअरिंग यांत खेळ असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया. खेळ नसेल तर हँडल सरळ बांधा, चालवणाऱ्याच्या वजनाचा माणूस बसवा, आणि पुढच्या दोन्ही टायरांच्या मध्यावर, समोरून ॲक्सलच्या उंचीला खडूची खूण करून अंतर मोजा. गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागे त्याच उंचीला आल्या की पुन्हा मोजा. समोरचं अंतर काही मिलिमीटरने कमी भरलं पाहिजे, किती ते पुस्तकात दिलेलं असतं. उलटं भरलं, म्हणजे चाकं पुढे फाकलेली असली, तर सरळ रस्त्यावर गाडी भटकते. शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण, असा ठेवा की तुम्ही बसल्यावर एकूण हालचालीचा साधारण तिसरा हिस्सा वापरला जाईल. नंतर रिबाउंडला, म्हणजे दबलेला शॉक परत उघडण्याच्या वेगाला, हात लावा. एका वेळी एकच स्क्रू, एकच बदल, आणि वहीत नोंद.

रुंदी वाढवायचा मोह सगळ्यांना असतो. लांब ए-आर्म (पुढचं चाक धरणारे हात) महाग, म्हणून लोक स्पेसर (चाकामागे बसवायच्या चकत्या) लावतात. स्पेसरने चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर ताण वाढतो आणि प्रत्येक दगडाचा धक्का हँडलला बसतो. फक्त मागचा ॲक्सल रुंद केला तर दोन मागची चाकं आणखी जोराने सरळ रेटतात, आणि ज्या तक्रारीपासून सुरुवात केली ती वाढते. रुंद करायचंच तर पुढून सुरुवात करा, आणि पांदणीची रुंदी आधी मोजून घ्या.

डांबरी रस्त्याबद्दल विचारलं गेलं. या गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी अखंड ॲक्सल आठवा. मातीत चाक घसरून सुटतं, डांबरावर ते घसरत नाही. टायर पकडून ठेवतो, चार पाउंडांचा टायर बाजूला दुमडतो आणि उंच, आखूड गाडी बाहेरच्या बाजूला उलटते. मागे कोणी बसलं असेल तर अंग झुकवायलाही जागा उरत नाही. ही सीट एकट्या माणसाची आहे, आणि लहान मुलाला मोठ्यांची क्वाड कधीच द्यायची नाही. गावातून मोकळ्या रानापर्यंत गाडी पिकअपमध्ये न्या. हँडल आणि मागचा ग्रॅब बार पट्ट्यांनी असा ताणा की शॉक अर्धवट दबलेले राहतील, चाकांपुढे लाकडी ठोकळे लावा, आणि उतरवल्यावर हेल्मेट घालण्याआधी चारही टायरांची हवा पाहा.