निळ्या रेषेवर खो

(दृश्य: पहाटेचा अंधार. रिंकच्या पार्किंगमध्ये एकेक गाडी येऊन थांबते आहे. डिकीतून स्वतःपेक्षा मोठी बॅग ओढणारी लहान मुलगी.)

शनिवार, सकाळचे पावणेसात. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातला एक छोटा रिंक, म्हणजे स्केटिंगसाठी गोठवलेलं बर्फाचं मैदान. बाहेर उणे चौदा, आत त्याहून फार बरं नाही. सोयीच्या वेळा बर्फावरची हॉकी खेळणारे आधीच घेऊन बसलेले असतात, त्यामुळे आमच्या वाट्याला येतो तो असा पहाटेचा बर्फ. तक्रार करून झाली. आता आम्ही थर्मास भरून आणतो.

आज इथं सहा-सात वर्षांच्या मुली पहिल्यांदा रिंगेट खेळून बघणार आहेत. स्केट घालून, स्टिकनं रबरी रिंग ढकलत बर्फावर खेळायचा हा मुलींचा खेळ. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवायची सक्ती नाही. आवडलं तर पुढच्या आठवड्यात यायचं.

(दृश्य: कपडे बदलायची खोली. बाकावर ओळीनं बसलेल्या मुली. जमिनीवर उकिडवे बसून लेस आवळणारे आई-बाबा.)

स्केटची लेस बांधणं हे या खेळातलं पहिलं कौशल्य, आणि ते आईबापांनी शिकायचं असतं. सैल बांधली तर घोटा मुरगळतो, घट्ट बांधली तर पोरगी पाचव्या मिनिटाला रडत बाहेर येते. लेस ओढायला इथं एक छोटा आकडा मिळतो. माझ्या कोटाच्या खिशात तो गेली तीन वर्षं किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या मोठ्या खोक्यात क्लबचं उसनं सामान आहे. नडगीचे पॅड, कोपराचे पॅड, हेल्मेट. एका हेल्मेटवर पांढरी पट्टी चिकटवून नाव लिहिलंय. त्या पट्टीखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. सगळ्यात खालचं नाव ज्या मुलीचं, ती आज इथं शिट्टी घेऊन उभी आहे.

हेल्मेटची जाळी नीट बघा. हॉकीच्या जाळीला चौकोनी भोकं असतात, हिची त्रिकोणी आहेत. कारण रिंगेटची स्टिक सरळ असते, खाली पातं नाही, नुसतं टोक. ते टोक चौकोनातून आत शिरू शकतं. म्हणून घरात दादाचं जुनं हेल्मेट पडलेलं असलं तरी इथं चालत नाही.

(दृश्य: बर्फावर पडलेली निळी रबरी रिंग. जवळून.)

आणि ही रिंग. निळी, रबराची, आतून पोकळ. माझी आई सांगलीहून हिवाळ्यात आमच्याकडे आली आणि हिला हातात घेऊन म्हणाली, "अगं, ही तर आपली रिंग टेनिसची रिंग!" अगदी तीच नाही, पण ओळख चुकली म्हणता येणार नाही.

स्टिकचं टोक रिंगच्या भोकात घालायचं आणि ढकलत न्यायचं. जिला धड उभंही राहता येत नाही, तिलाही हे दहा मिनिटांत जमतं. हॉकीची चकती स्टिकवरून सारखी निसटते. रिंग तशी निसटत नाही, मागं मागं येते. वर ती स्टिक पोरींना काठीसारखा आधारही देते. नियमात नसला तरी पहिल्या दिवशी तो सगळ्यात उपयोगाचा भाग.

(दृश्य: जुन्या काळची कृष्णधवल छायाचित्रं. बर्फावरची मुलं. मुली कुठेच नाहीत.)

हा खेळ निघाला कसा, ते समजायला थोडं मागं जावं लागतं. १९५५ च्या हंगामात टोरोंटोत ॲबी हॉफमन नावाची मुलगी केस बारीक कापून मुलांच्या हॉकी संघात खेळत होती, 'ॲब' म्हणून. चांगली खेळायची, म्हणून निवडक खेळाडूंच्या संघात घेतली. तिथं जन्मदाखला तपासला आणि बिंग फुटलं. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल तिच्या विरुद्ध लागला. ती पुढं धावपटू झाली आणि ८०० मीटरसाठी चार ऑलिंपिकमध्ये उतरली. पण बर्फावर मुलींना जागा नव्हती ती नव्हतीच.

निपिसिंग सरोवराच्या काठी नॉर्थ बे नावाचं गाव आहे. तिथं सॅम जॅक्स हे नगरपालिकेचे करमणूक आणि क्रीडा संचालक होते. १९६३ मध्ये त्यांनी मुलींसाठी या खेळाची कल्पना मांडली. एस्पॅनोला गावच्या रेड मॅकार्थी यांनी नियम बसवले आणि पहिला सामनाही तिथंच झाला. म्हणजे मुलींचा खेळ दोन पुरुषांनी ठरवला. मला हे सुरुवातीला खटकायचं. 'हॉकी आमची, तुम्ही हे घ्या' असा त्यात वास येतो, आणि तो सगळाच खोटा असेल असं मी म्हणणार नाही.

पण नियम बघितले की मत जरा बदलतं.

(दृश्य: वरून दिसणारा रिंक. दोन निळ्या रेषा.)

मैदानाचे तीन भाग करणाऱ्या या दोन निळ्या रेषा. रिंग घेऊन एकटीनं रेषा ओलांडायची नाही. रेषेपलीकडच्या मैत्रिणीला पास द्यायचा, मग आपण जायचं. एकाच पासमध्ये दोन्ही रेषा पार करणंही चालत नाही. अंगाला धक्का द्यायचा नाही. गोलसमोरच्या अर्धवर्तुळात फक्त गोलकीपरनं जायचं, आणि रिंग तिच्या हाती आली की पाच सेकंदांत सोडायची. मोठ्या गटांत तर हल्ला करायला तीसच सेकंद.

अगदी छोट्यांना यातलं फारसं काही लागत नाही. त्या छोट्याशा जागेत सगळ्या एकाच रिंगच्या मागं, गुळाभोवती मुंग्या जमाव्यात तशा. निळी रेषा खरी कळते ती त्याच्या पुढच्या गटात. माझी मुलगी आता तिथं आहे.

(दृश्य: प्रेक्षकांचा बाक. साडीवर जाड कोट, कानटोपी, शाल घेतलेली आजी.)

आईला मी हे नियम दोनदा समजावले. तिनं तिसऱ्यांदा समजावू दिलं नाही. म्हणाली, "कळलं. खो-खोच आहे." शाळेत असताना ती तालुक्याच्या संघात होती. खो-खोत पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही. एक तर खांबाला वळसा घाल, नाहीतर पलीकडं तोंड करून बसलेलीला खो दे. कितीही पळणारी असली तरी एकटीनं डाव निघत नाही. इथल्या निळ्या रेषेला आई 'पाटी'च म्हणते.

(दृश्य: काचेपलीकडे घड्याळाचं बटण दाबणारी बाई. टेबलावर रॅफलची तिकिटं.)

क्लबमध्ये पगारी कुणी नाही. नोंदणी बघणारी बाई दिवसा दातांच्या दवाखान्यात असते, बर्फाच्या वेळा लावणारे काका निवृत्त पोस्टमन. संघाच्या बाकावर किमान एक बाई हवी असा नियम आहे, त्यामुळे ज्या आईनं एकदा 'बघते' म्हटलं तिची सुटका नाही. मी 'बघते' म्हटलं आणि माझ्याकडं शॉट क्लॉक, म्हणजे ते तीस सेकंद मोजायचं घड्याळ आलं. पहिल्या सामन्यात मी ते दोनदा चालू करायचं विसरले.

पैसे उभे करायला आम्ही दारोदार रिकाम्या बाटल्या गोळा करतो. बिअर-वाइनच्या बाटलीमागं दहा-वीस सेंट परत मिळतात. कुणाच्या घरातून किती बाटल्या निघतात हे त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळतं, पण कुणी बोलत नाही.

खेळ कॅनडाबाहेरही गेला. १९७९ मध्ये युहानी वाह्लस्तेन यांनी तो फिनलंडमधल्या तुर्कूत नेला, आणि आता फिनलंड कॅनडाला वारंवार हरवतं. १९९० मध्ये ओटावाजवळच्या ग्लॉस्टरला पहिली जागतिक स्पर्धा झाली. विजेत्यांच्या चषकाला सॅम जॅक्स यांचं नाव आहे. ते स्वतः १९७५ मध्येच गेले होते. ऑलिंपिकमध्ये रिंगेट नाही. बायकांची हॉकी तिथं १९९८ मध्ये पोचली, आणि आता हॉकीचे मुलींचे संघ जागोजागी आहेत. आमच्यातल्या काही मुली तिकडं जातात. काही दोन्ही खेळतात, आणि त्यांच्या आया झोपत नाहीत.

(दृश्य: पुढच्या गटाचा सामना चालू. सात नंबरची मुलगी रिंग घेऊन रेषेकडे.)

ही माझी. वेग चांगला आहे, पण मान खाली. रेषेपाशी पोचली आणि थबकली. पलीकडं तिची मैत्रीण स्टिक आपटत उभी. समोरून दोघी चालून येताहेत. एवढ्यात मागच्या बाकावरून, अख्ख्या रिंकला ऐकू जाईल असा आवाज आला.

"खो दे गं!"

लोक वळून बघायला लागले. मुलीनं मान वर केली आणि पास दिला. रिंग मैत्रिणीच्या स्टिकला चाटून पुढं गेली आणि लाकडी कठड्यावर आपटली.

आई खाली बसली, शाल सारखी केली आणि मला म्हणाली, "आपली बरोबर होती. ती उठायला उशीर करते."