अरबी गोष्ट घरात वाचताना

(कौसा, मुंब्रा इथे पालकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

इथे बसलेल्या पुष्कळ घरांत कोकणी बोलली जाते. मुलं शाळेत इंग्रजी, मराठी नाहीतर उर्दू शिकतात आणि संध्याकाळी मकतबला, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या वर्गाला, जातात. कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीची पहिली पुस्तिका, संपवून कुराणाचा तिसावा पारा (भाग) सुरू केलेली लहान मुलं मुंब्र्यात कितीतरी आहेत. त्यांना 28 अक्षरं येतात, जबर-जेर-पेश या अ-इ-उ स्वरांच्या खुणा येतात, उजवीकडून डावीकडे नजर सरावलेली असते. वाचनातला सगळ्यात कष्टाचा टप्पा या मुलांनी पार केला आहे. तरी अरबीतलं वाक्य वाचून त्यांनी "मग पुढे काय झालं?" असं विचारलेलं नाही. मला वाईट वाटतं ते याचं.

तिलावत, म्हणजे कुराणाचं पठण, उस्तादांकडेच शिकावी. मखरज (अक्षराचं उच्चारस्थान) आणि तजवीद (पठणाचे नियम) जाणकाराच्या समोर बसूनच येतात, घरी त्यात हात घालू नये. घरात हवं आहे ते गोष्टीचं पुस्तक. मुसहफ, म्हणजे कुराणाची प्रत, आपण वुजू करून (हात-तोंड-पाय धुऊन) हातात घेतो, उंच जागी ठेवतो, ते तसंच राहो. गोष्टीचं पुस्तक मात्र मुलाच्या हाताशी, चटईवर पडलेलं असावं. त्याला वरणाचा डाग लागला तरी रागवू नका.

पहिली अडचण डोळ्यांना येते, आणि तिकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. आपल्याकडे छापलेल्या पाऱ्यांची लिखावट आणि अरब देशांत छापलेल्या पुस्तकांची लिखावट वेगळी असते. आपल्याकडचा जझम, म्हणजे अक्षराला स्वर नसल्याची खूण, वेगळा, तिथल्या पुस्तकात त्या जागी छोटं वर्तुळ. आपल्याकडे खडा जबर, म्हणजे लांब 'आ'ची उभी रेघ, ठिकठिकाणी दिसतो, गोष्टीच्या पुस्तकात क्वचितच. मूल अडखळलं की आईला वाटतं, मकतबमधलं सगळं विसरलं! विसरलेलं नसतं. दोन-तीन पानं बोट फिरवत सोबत वाचा, नजर बसते. पुस्तक निवडताना जबर-जेर छापलेलं आहे ना, एवढं नक्की पाहा. मोठ्यांची पुस्तकं आणि वर्तमानपत्रं त्या खुणांशिवाय छापतात, ती लहान मुलापुढे ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

"पण अरबी आम्हालाच कळत नाही," असं अम्मी-अब्बा म्हणतात. यावर मी मनापासून सांगते: पुस्तकांतली अरबी, जिला फुसहा म्हणतात, ती अरबांच्याही घरात बोलली जात नाही. कैरोचं मूल घरात मिसरी, म्हणजे इजिप्तची, बोली बोलतं, दुबईचं खलीजी, म्हणजे आखाती. फुसहा त्यांनाही पुस्तकांतून, शाळेतून, कार्टूनमधून शिकावी लागते. आखातात नोकरी करून आलेल्या अब्बांना बाजारातली अरबी येते, पुस्तकातली येईलच असं नाही, म्हणून त्यांनीही संकोच करू नये. रात्री मूल झोपल्यावर उद्याच्या पानावरच्या चार शब्दांचे अर्थ पाहून ठेवा. बाकीचं चित्र सांगतं.

पहिली पानं ओळखीच्या शब्दांची घ्या. कलम, किताब, साबून, कुर्सी हे मुलाने वाचलं की त्याचा चेहरा बघा. अक्षरांतून अर्थ बाहेर येतो, हे त्याला अरबीत बहुधा प्रथमच कळत असतं. पानांचे आकडेही शोधायला लावा. तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मुलांना याची फार गंमत वाटते. अक्षरं उजवीकडून, पण आकडे डावीकडून लिहितात, हेही ती आपणहून पकडतात.

वाचताना दर हर्फाला, म्हणजे अक्षराला, टोकू नका. वाक्य पुरं होऊ द्या, मग तेच वाक्य तुम्ही नीट वाचा. तेच पुस्तक रोज मागितलं तर रोज द्या, पाठ झालेलं वाचणं हेही वाचणंच आहे. पाहुण्यांसमोर "वाचून दाखव" मात्र कधीही म्हणू नका. दादी-नानीला ऐकवायचं असेल तर मुलाने स्वतः पुस्तक घेऊन जावं.

पुस्तकं महाग पडतात, हे खरं आहे. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. तिथे चित्रांच्या गोष्टी फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात, मराठीतल्याही आणि अरबीतल्याही. काही गोष्टी दोन्ही भाषांत सापडतात. अशी एखादी आधी मराठीतून वाचा, मुलाला कोण हरवलं नि कोण सापडलं ते कळू द्या, आणि दोन दिवसांनी तीच अरबीतून उघडा. छापून घेण्याआधी जबर-जेर तेवढे तपासा.