आत्याची वही आणि दादाचं 'वगैरे'

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीत आमच्याकडे सगळे जमले की एक भांडण ठरलेलं असायचं. एका बाजूला माझी आत्या, कोल्हापूरची. दुसऱ्या बाजूला माझा थोरला भाऊ, पुण्याला होस्टेलवर राहून आलेला. आत्याची लाडकी कादंबरी वि. स. खांडेकरांची 'ययाति' आणि दादाची भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला'. मोदक वळता वळता दोघांचे आवाज चढायचे आणि शेवटी आई ओरडायची, "अगं, उकड गार होतेय!"

आत्याचं म्हणणं असं, की 'कोसला' ही काही कादंबरी नव्हे. "एक मुलगा गावाहून पुण्याला येतो, मेसचा सेक्रेटरी होतो, पैसे घालवतो, नापास होतो आणि घरी परत जातो. यात घडलं काय?" यावर दादा म्हणायचा, "आत्या, तुझ्या ययातीत सगळं घडतं, पण माणसं बोलतात कशी? राजा असो, दासी असो, ऋषी असो, सगळे सुभाषितंच बोलतात. तहान लागली तरी उपमा देऊन पाणी मागतील."

मी तेव्हा आठवी-नववीत असेन. मला दोघांचंही पटायचं, आणि त्यामुळे माझं मत कुणीच विचारायचं नाही.

'ययाति' आली १९५९ साली आणि 'कोसला' १९६३ साली. मध्ये फक्त चार वर्षं. वाचताना मात्र वाटतं, एक आजोबांच्या पेटीतलं पुस्तक आणि एक नातवाच्या दप्तरातलं. गंमत पुढेच आहे. मराठीत ज्ञानपीठ आजवर चौघांना मिळालं. त्यांतले कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर हे मुख्यतः कवी. उरलेले दोन कादंबरीकार म्हणजे १९७४ चे वि. स. खांडेकर आणि २०१४ चे भालचंद्र नेमाडे. म्हणजे ज्या दोघांवरून आमच्या घरातली उकड गार व्हायची, नेमके तेच दोघे! पुरस्कार एकच, पण एकाचा भक्त दुसऱ्याचं पुस्तक पन्नास पानांच्या पुढे नेत नाही. असे वाचक मी घरोघरी पाहिलेत.

हे असं का होतं, याचं उत्तर मला कुठल्या समीक्षेत नाही, आत्याच्या वहीत सापडलं. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची वही. तिच्यात तिनं आवडलेली वाक्यं उतरवून ठेवली होती. प्रेमावरची, त्यागावरची, सुखदुःखावरची. बहुतेक खांडेकरांची. कुणाचं लग्न असलं, कुणी गेलं, की ती वही उघडायची आणि पत्रात एखादं वाक्य घालायची. तिच्यासाठी कादंबरी म्हणजे अशी वाक्यं जिथे पिकतात ते शेत. आणि हा काही तिचा एकटीचा छंद नव्हता. त्या पिढीतल्या कितीतरी घरांत अशी वही असायची.

दादानं कधी एक ओळ उतरवून घेतली नाही. पण 'कोसला' वाचून तो सुट्टीत घरी आला तो बोलणंच बदलून. "आई, मी उदाहरणार्थ जेवलोय." "बाबा, परीक्षा वगैरे झाली." पहिल्याच वाक्यात 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर आपलं वय सांगताना 'उदाहरणार्थ' म्हणतो, आणि तो शब्द त्या काळच्या होस्टेलांमध्ये खोकल्यासारखा पसरला होता. म्हणजे पुस्तक दादाच्या जिभेवर गेलं होतं आणि आत्याच्या वहीत. ज्याला वाक्य वहीत हवं, त्याला ते घोटीव, तोललेलं लागतं. ज्याला जिभेवर हवं, त्याला ते ओबडधोबड, चालताबोलता सुचल्यासारखं लागतं. म्हणून जो गुण एकाला दिसतो, तोच दुसऱ्याच्या दाताखाली खड्यासारखा येतो.

याआधीच्या पिढीतही एक असंच भांडण होतं. ना. सी. फडके मोठे की खांडेकर? कला कलेसाठी की जीवनासाठी? फडके राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते आणि खांडेकरही १९३८ पासून कोल्हापूरचेच झाले. एकाच गावात दोन गट. फडक्यांचं कथानक कसं घट्ट विणलेलं, सुरुवात कशी पकड घेणारी, याचं कौतुक माझ्या आजोबांच्या तोंडी कायम असे. खांडेकर त्यांना 'प्रवचनकार' वाटायचे. आणि आज? फडक्यांची कादंबरी वाचणारा तरुण मला तरी भेटलेला नाही. आजोबांच्या लेखी जो पक्ष हरायलाच हवा होता, त्याची 'ययाति' अजून दुकानाच्या दर्शनी फळीवर असते. आवडीनिवडीच्या भांडणात आपण काळाला पंच नेमतो खरे, पण तो फार लहरी पंच आहे.

खांडेकरांबद्दल आणखी एक सांगते, कारण 'गोडगोड लिहिणारे' म्हणून त्यांना बाजूला सारणारे हे विसरतात. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी आली १९५९ सालीच. ती बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे आणि तिची प्रस्तावना खांडेकरांची आहे. 'ययाति' लिहिणाऱ्या माणसाला 'फकिरा'ची ताकद कळली होती. त्यांच्या चाहत्यांना आणि टीकाकारांना ही दोन पुस्तकं एकाच कपाटात ठेवता येत नाहीत, हा भाग वेगळा.

'फकिरा' मात्र वहीतही जात नाही आणि जिभेवरही बसत नाही. ती ऐकायची कादंबरी आहे. अण्णा भाऊ मुळात शाहीर. समोर माणसं बसली आहेत आणि आपण सांगतोय, असा त्यांचा सूर. मनातल्या मनात वाचणाऱ्याला प्रसंग एकामागून एक धावताना दिसतात आणि तो म्हणतो, 'फार भडक आहे'. हेच एक प्रकरण मोठ्यानं वाचून बघा, समोर दोन-चार जण बसवून. घोडा कुठे थांबतो, आवाज कुठे चढतो, आपोआप कळतं.

तसंच 'पण लक्षात कोण घेतो?' या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचं. ही पाल्हाळिक आहे, ही तक्रार मी शंभरदा ऐकली आणि कॉलेजात स्वतःही केली. पुढे लक्षात आलं, की १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात ही कादंबरी आठवड्या-आठवड्यानं येत होती. वाचणारा ती एका बैठकीत संपवणार नव्हता. मधल्या सात दिवसांत नायिका यमूचं काय होणार, याची चर्चा माजघरात आणि ओसरीवर होणार होती. मी मग ती तशी वाचली. रविवारी एक-दोन प्रकरणं, बस्स. यमूचा नवरा जातो तिथे पोहोचायला मला कित्येक महिने लागले. तोवर ती माझ्या शेजारी राहायला आलेली मुलगी झाली होती. तिच्या केशवपनाचा प्रसंग वाचताना जो पाल्हाळ मला कॉलेजात डाचला होता, त्यानंच माझा घात केला. इतके दिवस ओळख झाली नसती, तर इतकं लागलं नसतं.

काही पुस्तकांपुढे मात्र आत्या आणि दादा दोघंही शस्त्रं खाली ठेवायचे. 'बनगरवाडी' त्यांतलं एक. माणदेशातल्या धनगरवाडीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा भरवतो, आणि शेवटी दुष्काळ वाडीच रिकामी करतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या त्या वाक्यांत वहीत उतरवून घ्यावं असं काही नसतं आणि मिरवावं असंही काही नसतं. नुसतं दिसत राहतं. आत्या म्हणायची, "चांगली आहे, पण लवकर संपते." दादा म्हणायचा, "चांगली आहे." एवढंच.

'रणांगण'वर मात्र पुन्हा फाटलं. विश्राम बेडेकरांची ही छोटीशी कादंबरी, १९३९ सालची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू, त्यांत हॅर्टा, आणि तिच्या प्रेमात पडूनही तिला आपलं न म्हणणारा आपला चक्रधर. दादाच्या मते मराठीतली सर्वांत आधुनिक कादंबरी. आत्याला चक्रधराचा इतका राग, की ती पुस्तकालाच दोष देऊन मोकळी व्हायची. "असल्या माणसाला नायक कोण करतं?" नायक आवडला नाही म्हणजे कादंबरी आवडली नाही, हे तिचं साधं गणित होतं. आपण हसतो, पण आपल्यातले निम्मे वाचक तेच गणित मांडतात, फक्त शब्द जड वापरतात.

मधल्या काळात दोघांनीही एकमेकांची कादंबरी एकदा पूर्ण वाचून काढली. अट माझ्या आईनं घातली होती. वाचल्याशिवाय भांडायचं नाही. आत्या नाक मुरडत 'कोसला' वाचत होती. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते तिथे ती पोहोचली आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दादाला म्हणाली, "त्या पोरीसाठी मी तुझ्या सांगवीकराला माफ केलं. पण ते सतत 'वगैरे' कशाला रे?"

दादाला 'ययाति' संपवायला पुढची दिवाळी उजाडली. आत्यानं फराळाचं ताट पुढे ठेवत विचारलं, "मग?"

दादानं चकलीचा तुकडा मोडला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "शर्मिष्ठा बरी आहे, आत्या. बाकी, वगैरे."