आधी मूठ, मग भात

श्रोतेहो, नमस्कार. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, दानाचा विषय निघाला की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. ती कंजूषपणाचीच असते असं नाही. महिनाअखेरीला उरेल त्यातून द्यायचं म्हटलं की दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं, आणि जीव कुरकुरतो तो त्या ठरवण्यापाशी. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलं ते याच बेतानं: आठवड्याच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकानं आपल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं.

मिझोराममधल्या बायकांनी ही शिस्त थेट चुलीपाशी नेली. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ, ही रीत चालू आहे. भाताला तांदूळ मापून घेतले की धुण्याआधी त्यातलीच एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. पुढे तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि पैसा मंडळीच्या कामाला लागतो.

हे आपल्याकडेही जमण्यासारखं आहे. मध्यम हाताची मूठ ४० ग्रॅमच्या आसपास भरते. दोन्ही वेळची धरली तर महिन्याला एका घरामागे २ किलो ४०० ग्रॅम. अशी ५० घरं असली की १२० किलो. गरजू घराला १५ किलो दिले, तर आठ घरांची महिन्याची सोय.

बिघडतं ते साठवणीत. कोलम, इंद्रायणी आणि रेशनचा जाडा तांदूळ एकाच पिंपात ओतला, तर एक शिजेपर्यंत दुसऱ्याचा गिचका होतो. म्हणून पिंपं वेगळी हवीत. घरच्या डब्यात ओला हात गेला की जाळी धरते आणि पोरकिडे होतात. डबा कोरडा ठक्क ठेवावा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि महिन्याच्या आत रिकामा करावा. कीड लागलीच तर चाळून सावलीत पसरावा. कडक उन्हात दाणा तडकतो आणि कणीच उरते. आणि हो, घरातला किडका तांदूळ खपवायची जागा म्हणजे हा डबा नव्हे. बायबलातल्या मलाखी संदेष्ट्यानं लंगडी, आजारी जनावरं वेदीवर आणणाऱ्यांना सुनावलंच होतं: हेच आपल्या अधिपतीला देऊन बघा, तो खूश होतो का!

वाटपात मात्र मंडळ्या हमखास चुकतात. रविवारी उपासना संपल्यावर रांग लावायची, फोटो काढायचा. देणाऱ्याला मिरवायला मिळतं आणि घेणारा पुढच्या रविवारी येतच नाही. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची रीत बघा. वसईच्या धर्मग्रामांतही (पॅरिशमध्येही) ही संस्था ठाऊक आहे. सभासद जोडीनं घरी जातात, बसतात, चौकशी करतात. बैठकीत पिशवी फिरते ती गुप्त. कुणी किती टाकले ते शेजारच्यालाही कळत नाही.

देणाऱ्याचं नाव झाकावं, हिशेब मात्र उघडा ठेवावा. दोघांसमोर वजन, वहीत नोंद, महिन्याला फळ्यावर जमा-खर्च. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेली रक्कम न्यायच्या कामी पौलानं आपला सहकारी तीत याच्यासोबत आणखी दोघे भाऊ दिले होते, कुणी बोट दाखवू नये म्हणून. माझ्या मते दानातला आनंद आटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच: दिलेलं कुठं गेलं ते कळत नाही.

याच वर्गणीत ग्रीसच्या उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतातल्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या. तरी आनंद उतू जात होता, आणि आम्हालाही वाटा उचलू द्या म्हणून त्यांनीच पौलाची विनवणी केली. म्हणून, ज्या घरी तांदूळ पोहोचवता त्या घरालाही डब्याचं विचारा. आग्रह नको. पण ‘त्यांच्याकडून काय घ्यायचं’ असं म्हणून त्यांना वगळूही नका. तिथली मूठ लहान असेल. तीही इतरांच्या मुठींसोबत त्याच पिंपात जाऊ द्या.